ह्यांची बॉलिंग

आमच्या मंडळाच्या क्रिकेट टीममध्ये बॉलिंग कोणी टाकायची हे पगाराच्या श्रेणीवरून ठरायचं. थट्टा नाही करत. पहिली ओव्हर कॅप्टन टाकणार, कारण ते जॉइंट डायरेक्टर. दुसऱ्या टोकानं एक डेप्युटी सेक्रेटरी, ज्यांचा गुडघा वाकत नसे. मग अंडर सेक्रेटरी, मग सेक्शन ऑफिसर. सगळ्यात तळाला असिस्टंट. आमचे हे असिस्टंट. सामना हातातून गेला आणि साहेब लोकांना चहाची तलफ आली, की ह्यांच्याकडे बॉल यायचा. 'घे रे, टाक दोन ओव्हर.' घे रे म्हणे! भीक घालतात का काय?

मी त्या टीमची स्कोअरर. तीन भावांच्या पाठीवर पुण्यात जन्मले, त्यामुळे भातुकलीच्या आधी स्कोअरबुक हातात आलं. लग्न होऊन दिल्लीला आले, आधी सरकारी क्वार्टर, मग यमुनेपलीकडे सोसायटीचा फ्लॅट लागला. तिथं आसपास मराठी घरं बरीच, केंद्र सरकारच्या नोकरीतली. मंडळ झालं, मंडळाची टीम झाली. हिवाळ्यात दर रविवारी बंगाल्यांशी, मल्याळ्यांशी, तमिळांशी सामने. मैदान म्हणजे सेक्टरच्या मागचा मोकळा प्लॉट. कोपऱ्यात 'प्रस्तावित शॉपिंग कॉम्प्लेक्स' असा गंजका बोर्ड होता, त्याला टेकून आम्ही सायकली लावायचो. मी घडीची खुर्ची, थर्मास आणि पेन्सिली घेऊन बसायची. कोणी मत विचारत नसे. मी देत असे.

माझं मत साधं होतं. साहेबांनी, म्हणजे आमच्या कॅप्टननी, बॉलिंग सोडावी. साहेब वीस पावलं मागून धावत यायचे, जणू चार्टर्ड बस सुटतेय, आणि एवढं धावून बॉल पडायचा तो बॅट्समनच्या पायात, अगदी मारण्याजोगा. दोन ओव्हर झाल्या की गुडघ्यावर हात ठेवून उभे. तरी तिसरी ओव्हर स्वतःच टाकणार. नाकापेक्षा मोती जड, तो हा असा. सहा वर्षांत आमची टीम एकदासुद्धा फायनलला गेली नव्हती, आणि का गेली नव्हती हे माझ्या स्कोअरबुकात पानोपानी लिहिलेलं होतं.

ह्यांची बॉलिंग मात्र बघण्यासारखी. लेगस्पिन. हळू, उंच, बॅट्समनला वाटावं की हा तर फुकटचा, आणि टप्पा पडला की बॉल बाहेर पळायचा. बॅट्समन वळून बघायचा तर मागे यष्टिरक्षक हसतोय. सरावाला वेळ नसे, म्हणून हे किन्नूवर, तिकडच्या संत्र्यावर, सराव करायचे. दिल्लीच्या हिवाळ्यात किन्नू घरोघरी. जेवण झालं की एक किन्नू उचलायचे, बोटांत धरायचे, मनगटाचा झटका देऊन उडवायचे, झेलायचे. बसमध्ये तेच, ऑफिसच्या लॉनवर उन्हात बसून तेच. शेवटी सोलेपर्यंत त्या किन्नूचा आतून लगदा झालेला असायचा. मी ओरडायची, "अहो, खायचंय ते!" हे म्हणायचे, "थांब गं, आत्ता वळायला लागलंय."

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मी नवऱ्याचं नाव घेत नसे. उखाण्यात घेतलं तेवढंच. समोर 'अहो', मागे 'हे'. आमची मुलगी दिल्लीत वाढलेली, अर्धं हिंदी बोलणारी. ती वैतागायची. "आई यार, हे म्हणजे कौन? पप्पांना नाव नाहीये क्या?" मी म्हणायची, "हे म्हणजे हे. घरात दुसरे कोण आहेत?" तिला ते बिल्कुल पटत नसे. कार्टी बरोबर होती.

त्याच सुमारास ह्यांच्या ऑफिसला घरघर लागली. ह्यांचा सेक्शन आयातीच्या परवान्यांचा. लग्न झालं तेव्हा तिथल्या शिपायालासुद्धा लोक नमस्कार करायचे. मग नवं धोरण आलं, बऱ्याच गोष्टींना परवानाच नको झाला. पेपरांत लिहून आलं की देश मोकळा झाला. झाला असेल. आमचे हे पण मोकळे झाले. सकाळी सव्वाआठची बस पकडून जायचे, रिकाम्या टेबलाशी बसायचे, डबा खायचे, परत यायचे. खात्यानं यादी केली, जास्तीच्या माणसांची. त्याला शब्द होता 'सरप्लस'. एका संध्याकाळी बूट काढता काढता हे म्हणाले, "अगं, आमच्या सेक्शनला सरप्लस केलं." मुलीनं विचारलं, सरप्लस म्हणजे? हे म्हणाले, "उरलेलं. पोळ्या उरतात ना, तसं." आणि हसले. मला इतकं रडू आलं की मी कुकर लावायला आत गेले.

तेव्हापासून ह्यांच्या आठवड्यात एकच दिवस उरला, रविवार. सोमवारपासून धुकं किती पडेल याची चर्चा, गुरुवारी बुटांना पांढरं पॉलिश. टीममध्ये निवड होणं आणि हातात बॉल मिळणं, एवढंच ह्या माणसाला हवं होतं. मी देवाजवळसुद्धा दुसरं मागितलं नाही त्या वर्षी.

आणि काय सांगू, त्याच वर्षी आमची टीम जिंकायला लागली! कारण नवी पोरं आली. पुण्याचे दोघे, कॉम्प्युटर कंपनीतले. त्यांना जॉइंट डायरेक्टर म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. मार मार मारायचे. सेमीफायनल मल्याळ्यांशी होती. साहेबांना असा चोप बसला की बॉल दोनदा नाल्यात गेला. त्या पोरांपैकी एकजण सरळ म्हणाला, "सर, काकांना द्या ना यार." साहेब दमले होते, दिला. आणि ह्यांनी एकामागून एक चौघांना परत पाठवलं. चौघांना! मी स्कोअरबुकात लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली.  घरी आल्यावर दारात बूट काढताना हे म्हणाले, "वळत होता गं आज."

दोन दिवसांनी ऑफिसातून परस्पर करोल बागेत जाऊन नवे पांढरे बूट आणले. स्वतःसाठी आपणहून काही आणलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. रात्री उशाशी ठेवले होते, लहान मुलासारखे.

फायनल संक्रांतीनंतरच्या रविवारी. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबला जायची. दरवर्षी. आम्ही दिल्लीतली मराठी माणसं, जिथं हरलो तिथं डबे घेऊन सहलीला जाणारी. तिथून आलं की शुक्रवारी कॅप्टनच्या घरी हळदीकुंकू. खरी टीम तिथंच ठरायची, हे मला माहीत होतं. साहेब बाहेर कुणाचं ऐकत नसले तरी बायकोचं ऐकायचे. म्हणून मी ठरवूनच गेले. फायनलला साहेब पुन्हा हट्टानं पहिल्यापासून बॉलिंग टाकत बसणार आणि ह्यांच्या हातात बॉल येईपर्यंत सगळं आटोपलेलं असणार. कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. आमच्यात तोंड असलेली मीच.

बायका यायच्या आधी तासभर मी मदतीला गेले. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, गॅसपाशी मसाला दूध ढवळत होत्या, पाठ माझ्याकडे. मी खिडकीजवळ तिळगुळाच्या पुड्या बांधत होते. खिडकीतून सोसायटीचं आवार दिसत होतं, आणि आवारात साक्षात साहेब. स्वेटरच्या बाह्या वर करून भिंतीवर बॉल टाकत होते, फायनलची तयारी. दोन बॉल टाकले आणि गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. मला राहवलं नाही.

म्हटलं, "वहिनी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की."

आता बघा हं. साहेबांचं नाव मी घेणं शक्य नाही. 'तुमचा नवरा' कोण म्हणतं? 'भावोजी' म्हणण्याइतकी आमची जवळीक नव्हती, आणि 'साहेब' म्हणायची माझी जीभ त्या दिवशी वळेना. समोर दिसत होते, म्हणून हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं आणि म्हटलं, "ह्यांच्यानं आता होत नाही हो. दोन ओव्हर टाकल्या की धाप लागते. हट्टानं टाकतात, पण लोक हसतात मागे. रविवारी ह्यांनी बॉलिंग केलीच नाही तर बरं. कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं."

वहिनींचा डाव थांबला. "अगंबाई! आणि हे तुम्ही सांगताय?"

"मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

"तेही खरं," वहिनी म्हणाल्या. वळल्या, ओल्या हातानं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "किती जड गेलं असेल तुम्हाला बोलताना. मी आजच घालते ह्यांच्या कानावर. कुणाला वाईट वाटणार नाही अशा रीतीनं करतील ते."

मी मनात म्हटलं, बाई मोठ्या मनाची. स्वतःच्या नवऱ्याबद्दल एवढं ऐकून घेतलं आणि वर माझाच हात धरला. तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं आणि तरंगत घरी आले. ह्यांना काही बोलले नाही. म्हटलं, रविवारी कळेलच.

रविवारी कळलं. धुकं होतं, सामना उशिरा सुरू झाला. बंगाल्यांची टीम समोर. साहेब खिशातून कागद काढून नावं वाचायला लागले. अकरा नावं झाली, ह्यांचं नाव नाही. मला वाटलं चुकून राहिलं. मग साहेब ह्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलले आणि ह्यांच्या हातात अंपायरचा पांढरा कोट दिला.

हे चालत माझ्या खुर्चीपाशी आले. नव्या बुटांवर एक डाग नव्हता.

मी फणकारले, "हा काय प्रकार? चार विकेट काढल्या त्या माणसाला अंपायर करतात? लाज नाही का ह्या लोकांना? मी आत्ता जाऊन—"

"तूच सांगितलंस म्हणे," हे म्हणाले.

"मी? काय सांगितलं?"

"की माझ्यानं होत नाही आता. धाप लागते. लोक हसतात." आवाज शांत होता. "घरच्यांचं ऐकावं माणसानं, असं म्हणाले साहेब."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. वहिनींची पाठ होती माझ्याकडे. माझी हनुवटी त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांनी फक्त शब्द ऐकला, 'ह्यांच्यानं'. आणि मराठी बाई 'ह्यांच्यानं' म्हणते तेव्हा ती कोणाबद्दल बोलते?

"अहो, देवाशप्पथ, मी साहेबांबद्दल बोलत होते! ते समोर दिसत होते खिडकीतून, म्हणून म्हटलं ह्यांच्यानं होत नाही—"

ह्यांनी कोटाची बटणं लावली. खालून वर, एकेक. "ह्यांच्यानं म्हणजे मीच की," हे म्हणाले. "सोळा वर्षं तू मलाच ह्यांच्यानं म्हणतेस."

आणि मैदानात गेले.

मी उठून साहेबांकडे जायला हवं होतं. भर मैदानात ओरडून सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की साहेब, तुमच्या बायकोला मी सांगितलं ते तुमच्याबद्दल होतं, धाप तुम्हाला लागते, लोक तुम्हाला हसतात? ते ऐकून ते ह्यांना टीममध्ये घेणार होते? एरवी जिभेला हाड नसलेली मी, त्या दिवशी खुर्चीला चिकटून बसले. पहिली ओव्हर टाकायला साहेब आले. स्वेटर काढला आणि अंपायरच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, कमरेला बांधला. पद्धतच असते तशी. पण मला ते बघवेना. बंगाल्यांनी मारायला सुरुवात केली, हे चौकाराचे हात हलवत राहिले, मी ते लिहीत राहिले. पुण्याच्या पोरांनी साहेबांना दोनदा काहीतरी सांगितलं, ह्यांच्याकडे बोट करून. साहेबांनी मान हलवली. आम्ही हरलो. किती फरकानं हरलो तेही मीच बेरीज करून लिहिलं.

त्या आठवड्यात मी ह्यांना शंभरदा समजावलं. शेवटी म्हटलं, मी वहिनींकडे जाते आणि सगळं उलगडून सांगते. हे म्हणाले, "नको. आता त्यांचा अपमान करायला जाऊ नकोस. तू माझ्याबद्दल बोलली नव्हतीस, मला पटलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण इतकं नेमकं वर्णन केलंस म्हणे. मलाही लागतेच धाप जरा." ते पटलं नव्हतं हे मला तिथंच कळलं. साधं भांडले असते तर बरं झालं असतं. ह्या माणसाला भांडताच येत नाही, हा ह्यांचा दोष.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांनी निरोप पाठवला होता, खेळायला ये म्हणून. हे गेले नाहीत. सरप्लसच्या यादीतून दुसऱ्या एका ऑफिसात पाठवलं, तिथं टपालाच्या नोंदी करत निवृत्त झाले. पुण्याच्या पोरांपैकी एक बंगळूरला गेलं, एक अमेरिकेला. प्लॉटवर बोर्डात लिहिलं होतं तेच झालं, शॉपिंग कॉम्प्लेक्स. आता तिथं फिरता जिना आहे आणि आमची मुलगी सुट्टीत नातवाला घेऊन तिथंच जाते. करोल बागेचे बूट मी दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढले आणि दोनदा परत ठेवले.

मी 'हे' म्हणणं सोडायचा प्रयत्न केला. एकदा मुद्दाम नावानं हाक मारली, चहा घेता का म्हणून. ह्यांनी मागे वळून पाहिलं, दारात कोण आलंय म्हणून. परत 'अहो'वर आले.

मागच्या डिसेंबरात साहेब गेले. मी एकटीच भेटायला गेले, ह्यांना जिना चढवत नाही आता. खरोखरच धाप लागते. वहिनी खचल्या होत्या. जुनं जुनं काढत बसल्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ह्यांना शेवटपर्यंत त्या फायनलची हळहळ होती हो. सेमीफायनल झाल्या दिवशीच ह्यांनी ठरवलं होतं, फायनलला आपण बॉलिंग टाकायची नाही, पहिली ओव्हर तुमच्या मिस्टरांना द्यायची. यादीत त्यांचंच नाव पहिलं लिहिलं होतं. बॉलही नवीन आणून ठेवला होता. मग तुम्ही बोललात, म्हणून खोडलं. मी म्हटलं, बायको बोलते तर काही कारण असेल."

मी चहाचा कप खाली ठेवला. काहीतरी म्हणून उठले.

म्हणजे मी गप्प बसले असते तर झालं असतं. एवढंच. आयुष्यात एकदा गप्प बसायचं होतं. पहिली ओव्हर, नवा बॉल, नवे बूट, सगळं ठरलेलं होतं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

घरी आले तर हे बाल्कनीत उन्हात बसले होते. मांडीवर पेपर, पेपरवर किन्नू. मी पदराचं टोक हातात घेऊन समोर उभी राहिले आणि सांगितलं. सगळं, वहिनी बोलल्या तसं. म्हटलं आता तरी रागवा, काहीतरी बोला.

"माहीत आहे मला," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"यादी. साहेबांनी वाचून झाल्यावर माझ्याच हातात दिली होती, अंपायरला लागते म्हणून. पहिलं नाव खोडलेलं होतं. खालचं दिसत होतं."

इतकी वर्षं! "मग मला का नाही बोललात?"

"तुला वाईट वाटलं असतं," हे म्हणाले. किन्नू सोलायला घेतलं. उडवलं नाही, फिरवलं नाही, सरळ अंगठ्याचं नख घातलं आणि सोललं. त्या रविवारनंतर आमच्या घरात किन्नू असंच सोललं जातं. निम्म्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

"घे," म्हणाले, "अख्खं निघालंय."